शेरी कास्क सिंगल माल्ट: चव कशी घ्यायची आणि पैसे नक्की कशाचे मोजायचे

तू विचारलंयस ते आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बाबांची साठी आहे, त्यांना चांगली शेरी कास्क सिंगल माल्ट द्यायचीय, म्हणजे एकाच डिस्टिलरीत सातूपासून बनवलेली आणि शेरी वाइनच्या पिंपात मुरलेली व्हिस्की. दादरच्या एका वाइन शॉपमध्ये दोन बाटल्या बघून आलास, एकीवर १२ वर्षं लिहिलंय आणि ४० टक्के अल्कोहोल, दुसरीवर वयच नाही पण कास्क स्ट्रेंथ, म्हणजे पिंपातून काढून पाणी न घालता भरलेली, ६० टक्के, दोन्ही साधारण आठ हजाराच्या घरात. काउंटरवरचा माणूस म्हणाला १२ वाली घ्या, रंग बघा कसला दाट आलाय. तुझे प्रश्न दोन, कुठली घेऊ, आणि लोक वास घेऊन मनुका अंजीर वगैरे बोलतात ते खरंच लागतं का.

लागतं. अगदी स्पष्ट लागतं, फक्त घाई केली की लागत नाही. मी २४ वर्षं या लाइनीत आहे, सुरुवात हॉटेलच्या बारमागे झाली, मग इम्पोर्टरकडे खरेदीचं काम केलं, आता टेस्टिंग घेतो, आणि या सगळ्यात शेरी कास्क हा माझा जिवाचा विषय आहे म्हणून उत्तर लांबेल, चहा घेऊन बस.

आधी त्या रंगाचं बोलू, कारण मुंबईत निम्मी शेरी कास्क रंगावर विकली जाते. स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला कायद्याने परवानगी आहे, ई१५०ए म्हणतात त्याला, आणि तो घालण्यात बेकायदेशीर काहीही नाही, मोठमोठ्या ब्रँडवाले प्रत्येक लॉटचा रंग सारखा दिसावा म्हणून घालतात. पण मग बाटलीचा दाट तांबूस रंग बघून आतल्या लाकडाबद्दल काही म्हणजे काही कळत नाही. चांगल्या पिंपातली, रंग न घातलेली शेरी कास्क फिकट सोनेरीही असू शकते आणि कोऱ्या चहासारखी काळपटही असू शकते. लेबलवर नॅचरल कलर असं छापलं असेल तरच रंगाला अर्थ आहे. आणि एक युक्ती सांगतो, जर्मनीत विकायच्या बाटलीवर रंग घातला असेल तर तसं लेबलवर छापावंच लागतं, त्यामुळे तीच बाटली जर्मन दुकानांच्या साइटवर शोधून बघायची, तिथे खरं कळतं. मी खरेदीत होतो तेव्हा हे रोजचं काम होतं.

आता ही शेरीची भानगड काय आहे ते समजून घे, कारण किंमत सगळी तिथूनच येते. शेरी ही स्पेनच्या दक्षिणेची, हेरेस गावाच्या आसपासची वाइन, तिच्यात वरून द्राक्षाचं स्पिरिट घालून ती कडक करतात. तिचे प्रकार बरेच, पण व्हिस्कीवाल्यांना मुख्य दोन लागतात. एक ओलोरोसो, ही हवेशी संपर्क ठेवून मुरवतात, चवीला कोरडी, अक्रोडासारखी. दुसरी पेद्रो हिमेनेथ, लेबलवर नुसतं पीएक्स लिहितात, यात द्राक्षं उन्हात वाळवून मग रस काढतात आणि ती इतकी घट्ट आणि काळी होते की ग्लासात काकवी ओतल्यासारखी दिसते. बऱ्याच लोकांना वाटतं शेरी म्हणजे गोड, म्हणून शेरी कास्क म्हणजे गोड व्हिस्की, तर तसं नाहीये, ओलोरोसोच्या पिंपातली व्हिस्की कोरडी आणि मसालेदारच असते, मनुका-काकवीचा गोडवा पीएक्सकडून येतो.

जुन्या काळी ही शेरी लाकडी पिंपांतून जहाजाने ब्रिटनला यायची आणि तिकडे बाटल्यांत भरायची. पिंपं रिकामी झाली की परत स्पेनला पाठवण्यापेक्षा स्कॉटलंडच्या डिस्टिलरीवाल्यांना देऊन टाकायचे, म्हणजे एवढं उत्तम लाकूड जवळपास भंगाराच्या भावात मिळायचं. १९८०च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीत भरायची असं ठरलं आणि हा झरा आटला. आणि स्पेनमध्ये शेरी ज्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरते ती सोलेराची पिंपं ते लोक सहसा विकत नाहीत, जुनं पिंप त्यांना हवंच असतं. म्हणून आज तू शेरी कास्क वाचतोस ते पिंप बहुतेक वेळा व्हिस्कीसाठी मुद्दाम बनवून घेतलेलं असतं, नवं ओक, त्यात साधारण एक-दोन वर्षं शेरी ठेवायची, लाकडात मुरू द्यायची, मग ती शेरी काढून व्हिनेगरला वगैरे लावायची आणि पिंप स्कॉटलंडला. याला सीझनिंग म्हणतात. आपण नव्या बिडाच्या तव्याला तेल लावून लावून तयार करतो ना, साधारण तोच विचार.

याउलट अमेरिकेत बर्बनसाठी, म्हणजे तिकडच्या मक्याच्या व्हिस्कीसाठी, दर वेळी कोरं जाळलेलं ओक लागतं असा कायदाच आहे, त्यामुळे एकदा वापरलेली २०० लिटरची पिंपं तिकडून ढिगाने निघतात आणि स्वस्त पडतात. शेरीचं ५०० लिटरचं पिंप, ज्याला बट म्हणतात, ते त्याच्या कैक पट महाग पडतं. बाटलीची जास्तीची किंमत ही खरी तर या लाकडाची किंमत आहे, आणि म्हणूनच माझा सगळा जोर यावर आहे की पैसे देताना लाकूड किती मिळतंय ते बघायचं.

ते बघायचं कसं, तर लेबल वाचायचं, खोक्यावरची कविता नाही. पहिली गोष्ट, व्हिस्की पूर्ण काळ शेरीच्या पिंपात होती की फक्त शेवटी थोडे दिवस. मॅच्युअर्ड आणि फिनिश्ड या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फिनिश वाईट असतो असं नाही, बाल्वेनीची १२ वर्षांची डबलवुड आधी बर्बनच्या पिंपात आणि शेवटचे साधारण नऊ महिने शेरीच्या पिंपात असते, आणि फार गोड स्वभावाची व्हिस्की आहे ती, मी कित्येक नवख्यांना तीच आधी देतो. पण फिनिशला पूर्ण शेरीचा भाव लावला असेल तर तो देऊ नये. दुसरी गोष्ट, पिंप पहिल्यांदा वापरलंय की तिसऱ्यांदा. फर्स्ट फिल लिहिलं असेल तर लाकूड ताजं आहे. रिफिल म्हणजे तीच चहापूड परत उकळली, चव येते पण ती नाही. बरेच जण दोन्ही मिसळतात, आणि चांगली मिसळली तर उत्तम लागते, पण माहिती असलेली बरी. तिसरं, ओक युरोपियन की अमेरिकन. युरोपियन ओकमध्ये तुरटपणा, लवंग-जायफळ जास्त, अमेरिकन ओकमध्ये व्हॅनिला आणि थोडं खोबरं. हे लेबलवर क्वचित सापडतं, पण लिहिलं असेल तर समज की बनवणाऱ्याला अभिमान आहे.

वयाचं काय, तर स्कॉचवर १२ लिहिलं म्हणजे आतली सगळ्यात लहान व्हिस्की १२ वर्षांची, आणि कायद्याने किमान तीन वर्षं ओकमध्ये ठेवावीच लागते. वय ही पिंपात काढलेली वर्षं, पण कुठल्या पिंपात ते त्यात लिहिलेलं नसतं. दमलेल्या पिंपात १८ वर्षं काढलेली व्हिस्की मी प्यायलोय, नाव मोठं, भाव मोठा, आणि ग्लासात अगदी पाणचट. आणि वय न लिहिलेली अबरलावर अबूना, ओलोरोसोची, कास्क स्ट्रेंथ, बॅचमध्ये निघते, ती पहिल्यांदा चाखली तेव्हा मी बारमागे उभा होतो आणि पुढची दोन मिनिटं गिऱ्हाईकाशी बोललो नाही.

आपल्याकडच्या व्हिस्कीला तर वयाचं माप लावूच नकोस. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के उडून जाते, बंगळुरात अमृतवाल्यांकडे दहा टक्क्यांच्या वर जाते, गोव्यात पॉल जॉनचंही ऊन काही कमी नाही. म्हणजे आपल्याकडे पाच-सहा वर्षांत लाकूड इतकं उतरतं की अजून ठेवली तर फळ्या चावल्यासारखी लागेल. अमृतने एक बाटली काढली तिचं नावच ग्रीडी एंजल्स, हावरट देवदूत, ठेवलं, कारण पिंपातून उडून जाणाऱ्या भागाला या धंद्यात देवदूतांचा वाटा म्हणतात. अमृतची इंटरमीडिएट शेरी आधी बर्बनच्या, मग शेरीच्या आणि परत बर्बनच्या पिंपात जाते. हरियाणाच्या इंद्री त्रिणीमध्ये बर्बन, वाइन आणि पीएक्स शेरी अशी तीन पिंपं आहेत, शेरी त्यात एक भाग आहे हे लक्षात ठेवून घ्यायची, मग ती त्या पैशात फार छान वाटते.

आता टक्केवारी. हा भाग नीट वाच, कारण तुझ्या दोन बाटल्यांचा निकाल इथेच लागतो.

समज दोन्ही आठ हजाराला. पहिली ७५० मिली, ४० टक्के. साठचे पेग मोजले तर साडेबारा, म्हणजे पेग ६४० रुपयांना पडला, आणि ती आधीच कायद्याच्या किमान रेषेपर्यंत पाणी घालून आणलीय, वरून बाबांनी पाणी घातलं तर ३० च्या खाली जाते, राहतं काय त्यात. दुसरी ७०० मिली, ६० टक्के. ही कोणी सरळ पीत नाही, पिऊही नये. तिला पाणी घालून ४३ टक्क्यांवर आणली तर साधारण ९७५ मिली होते, म्हणजे सोळा पेग, पेग पाचशेच्याही खाली. बाटली दिसायला लहान पण आत माल जास्त. आणि पाणी किती घालायचं ते तुझ्या हातात, हा सगळ्यात मोठा फायदा, कारण शेरी कास्क प्रत्येक टक्क्याला वेगळी बोलते.

कमी टक्क्याच्या बाटलीला बहुतेकदा अजून एक गोष्ट झालेली असते, थंड करून गाळणं. ४६ टक्क्यांच्या खाली व्हिस्कीत पाणी किंवा बर्फ टाकला की ती थोडी गढूळ होऊ शकते, लोकांना ते आवडत नाही म्हणून कंपन्या थंड करून त्यातले तेलकट अंश गाळून टाकतात. त्या तेलकट अंशातच तर जिभेवर रेंगाळणारा जाडसरपणा असतो. इम्पोर्टरकडे असताना एक गृहस्थ चांगली ग्लेनफार्क्लास घेऊन आले, नरिमन पॉइंटच्या ऑफिसातून थेट, चिडलेले, म्हणाले बर्फ टाकला तर दुधी झाली, ड्युप्लिकेट आहे. मी त्यांच्यासमोर नवी बाटली फोडली, बर्फ टाकला, तीही धुरकटली. मग त्यांना बसवून समजावलं की काका, हे चांगल्याचं लक्षण आहे, ही न गाळलेली आहे. त्यानंतर ते दर दिवाळीला यायचे.

बरं, चव कशी घ्यायची. मुंबईत हे करताना पहिलं काम पंखा बंद. खरंच. गिरगावात एका मित्राच्या घरी टेस्टिंग ठेवलं होतं, आठ माणसं, मे महिना, छतावरचा पंखा पाचवर, आणि सगळे म्हणतायत वासच येत नाही, नुसता स्पिरिटचा झणका येतोय. येणार कसा, ग्लासातला वास वर यायच्या आत पंखा उडवून नेतोय. मी पंखा बंद करायला लावला, खिडकी अर्धी लोटली, उदबत्ती विझवली, दहा मिनिटं सगळे घामाने निथळत गप्प बसले. मित्राची आई आतून आली, बाईंनी आयुष्यात थेंब घेतलेला नाही, तिला मी नुसता ग्लास हातात दिला आणि म्हटलं काकू वास कसला येतो सांगा, पिऊ नका. तिने पदराने नाक पुसलं, ग्लास लांबूनच फिरवला, आणि म्हणाली हा तर काळ्या मनुकांचा डबा उघडल्यावर येतो तो, आणि मागे गोडा मसाला भाजताना दगडफूल टाकतात ना तसं काहीतरी, आणि जुनं देवघर. खोलीतल्या आठ जणांनी अर्ध्या तासात जे सांगितलं नव्हतं ते तिने एका श्वासात सांगितलं. तेव्हापासून मी लोकांना सांगतो, स्वयंपाकघर आठवा, इंग्रजी शब्द शोधू नका. तिकडचे लोक ख्रिसमस केक म्हणतात कारण त्यांच्या घरात तो वास आहे. आपल्याकडे खजूर आहे, सुकं अंजीर आहे, संक्रांतीला गूळ चिरताना येतो तो वास आहे, संत्र्याची वाळलेली साल, जायफळ, सुंठ, आवळा सुपारी, चामड्याचं जुनं पाकीट, क्रॉफर्ड मार्केटला सुक्या मेव्याच्या दुकानात शिरल्यावरचा पहिला श्वास. वांद्र्याला डिसेंबरात बेकरीवरून जाताना प्लम केकचा वास येतो, तोही आपलाच की.

ग्लास तोंडाशी निमुळता हवा, ग्लेनकेर्न मिळाला तर उत्तम, नाहीतर छोटा वाइनचा ग्लास चालतो, सपाट जाड बुडाचा नको. वीस मिली ओत, जास्त नाही. मग दहा मिनिटं हात लावू नकोस. नाक ग्लासात खुपसायचं नाही, ६० टक्क्यांची असेल तर नाकपुड्या जळतील आणि पुढचा अर्धा तास काही कळणार नाही. ग्लास हनुवटीशी धरायचा, तोंड किंचित उघडं ठेवायचं, हळू वर आणायचा. एकदा एका नाकपुडीने, एकदा दुसरीने, मला खरंच फरक जाणवतो.

पहिला घोट चव घ्यायला नसतो, जिभेला ओळख करून द्यायला असतो, अगदी चार थेंब. दुसरा घोट तोंडात धरायचा, दहा-पंधरा सेकंद, जिभेखाली जाऊ द्यायचा. मग पाणी. वीस मिली ६० टक्क्यांच्या व्हिस्कीत चहाचा एक चमचा, म्हणजे पाच मिली पाणी घातलं की ती ४८ टक्क्यांवर येते, दुसरा चमचा घातला की ४० वर. मी अर्ध्या अर्ध्या चमच्याने जातो आणि प्रत्येक वेळी पाच मिनिटं थांबतो. कुठेतरी एका ठिकाणी ती उलगडते, तिखटपणा मागे सरतो आणि गूळ पुढे येतो, ती जागा लक्षात ठेवायची. पाणी नळाचं नको, आपल्या नळाला क्लोरीनचा वास असतो आणि तो ग्लासात लगेच कळतो, बाटलीचं किंवा फिल्टरचं घे. आणि चखणा नंतर. शेंगदाणे, चकली, मसाला पापड खाल्ल्यावर जीभ मेलेली असते. पान तर नकोच.

आता दोष. शेरी कास्कचे दोन मोठे दोष आहेत आणि ते ओळखता आले की पैसे वाचतात.

एक गंधक. रिकाम्या पिंपात बुरशी धरू नये म्हणून त्यात गंधकाची वात जाळायची जुनी पद्धत आहे. ते लाकडात राहिलं तर व्हिस्कीत उतरतं. वास ओळखीचा आहे, नुकतीच ओढलेली काडी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीच्या चौकात असतो तो, किंवा काळं मीठ, किंवा तापलेलं रबर. थोडंसं असेल तर काहींना आवडतं, खोली येते म्हणतात, आणि बाटली उघडून काही आठवडे ठेवली तर थोडं कमीही होतं. जास्त असेल तर नाही जात. हॉटेलात असताना एका पुरवठादाराकडून मी स्वतः चाखून सहा बाटल्यांची पेटी घेतली, महाग, आणि बारमध्ये उघडल्यावर दोघा सहकाऱ्यांनी तोंड वाकडं केलं, अंडं उकडल्यासारखं येतंय म्हणाले. मला काहीच येत नव्हतं. तेव्हा कळलं की गंधकाला काहींची नाकं मंद असतात आणि त्या प्रकारच्या एका वासाला माझं नाक मंद आहे. पुरवठादाराने पेटी परत घेतली नाही, पैसे गेले. तेव्हापासून शेरीची कुठलीही खरेदी मी एकट्याच्या नाकावर करत नाही, कायम दुसरं एक नाक बरोबर असतं. तूही एकट्याने चाखून ठरवू नकोस, घरातल्या कोणाला तरी नुसता वास द्यायला सांग.

दुसरा दोष लाकूड अंगावर येणं. कच्ची सुपारी चावल्यावर किंवा खूप जांभळं खाल्ल्यावर जीभ जशी आखडते तसं झालं आणि गोडवा, फळ काही मागे उरलंच नाही, तर पिंपाने व्हिस्की खाल्लीय. थोडा तुरटपणा हवाच, कातासारखा, त्याने गोडाला तोल येतो. पण गिळल्यावर फक्त तुरटच राहिलं तर ती बाटली काळी कितीही असो, नको. उलट बाजूला, फक्त गोड, सरबतासारखी, मधे काही नाही, तर खालची व्हिस्की फार तरुण आहे आणि शेरीने तिच्यावर पांघरूण घातलंय. चांगल्या शेरी कास्कमध्ये शेरीच्या मागे सातूचा, धान्याचा आवाज ऐकू आला पाहिजे, भाजलेल्या पिठासारखा. ग्लेनड्रोनॅकच्या १२ वर्षांच्यात पीएक्स आणि ओलोरोसो दोन्ही आहेत आणि तरी माल्ट दबत नाही, म्हणून मी ती शिकवायला वापरतो.

किमतीबद्दल अजून दोन गोष्टी आणि मग तुझ्या बाबांकडे येतो. मुंबईत तू आठ हजार देतोस त्यातला निम्म्याहून जास्त पैसा कराचा असतो. स्कॉचवर वर्षानुवर्षं १५० टक्के कस्टम्स, त्यावर राज्याची एक्साइज. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राने आयात स्कॉचवरची एक्साइज ३०० वरून १५० टक्क्यांवर आणली तेव्हा शेल्फवरचे भाव एकदम खाली आले होते, मला ते आठवडे आठवतात, दुकानांत माल पुरेना. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी जो व्यापार करार झाला त्यात कस्टम्स १५० वरून ७५ आणि मग दहा वर्षांत ४० असं ठरलंय. म्हणून किंमत बघून दर्जा ठरवायचा नाही, आपल्याकडे किंमत ही मंत्रालय आणि दिल्लीही ठरवते. ड्युटी फ्रीमधून प्रत्येकी दोन लिटर आणता येते, कोणी येत असेल तर सांग, पण तिथे खास विमानतळासाठी बनवलेल्या लिटरच्या बाटल्याही असतात, खोकं भारी आणि आत ४० टक्के, त्यात फसू नकोस.

आणि गुंतवणूक म्हणून घेऊ का असं हल्ली सगळे विचारतात, कारण २०२३ च्या नोव्हेंबरात मॅकॅलन १९२६ ची बाटली लंडनच्या लिलावात २१ लाख पौंडांच्या वर गेली. ती साठ वर्षं एका शेरीच्या पिंपात होती आणि त्या पिंपातून फक्त ४० बाटल्या निघाल्या. आपल्या इथे लायसन्स नसताना बाटली विकणं गुन्हा आहे, आणि मुंबईच्या दमट हवेत कॉर्क आणि लेबल दोन्हीचे हाल होतात. प्यायला घे.

बाटली ठेवायची उभी, वाइनसारखी आडवी नाही, कडक दारूने कॉर्क कुजतो. शोकेसमध्ये उन्हात नको, फ्रिजच्या डोक्यावर तर नकोच, कपड्यांच्या कपाटात खाली ठेव. अर्ध्याच्या खाली आली की महिन्या-दोन महिन्यांत संपव किंवा लहान बाटलीत काढ. घेताना एक्साइजचं स्टिकर, कॅपचं सील बघ आणि बिल घे, परमिट काढून ठेव. आणि संपल्यावर रिकामी बाटली भंगारवाल्याला तशीच देऊ नकोस, महाग ब्रँडच्या रिकाम्या बाटल्यांना भाव मिळतो तो परत भरून विकण्यासाठीच, लेबल फाड, मगच दे.

आता बाबा. ते कशी घेतात हे तू लिहिलं नाहीस आणि सगळं त्यावर आहे. सोडा आणि भरपूर बर्फ, आणि त्यात बदल करणार नाहीत, तर या दोन्ही नकोत, सोड्याने शेरीचा तुरटपणा कडू होतो, त्यांना त्यांचा नेहमीचा ब्लेंड जरा वरच्या वयाचा दे, ते खूश होतील. पाणी घालून घेत असतील, साठीच्या बहुतेक मराठी माणसांसारखे, तर डोळे मिटून ६० टक्क्यांची घे, फक्त लेबलवर मॅच्युअर्ड आहे आणि रंग न घातल्याचं लिहिलंय एवढं बघून घे. खोक्यावर १२ नाही म्हणून त्यांना कमी वाटेल अशी शंका असेल तर देताना हे पेगचं गणित सांग, त्या पिढीला हिशोब पटतो.

आणि बाटली त्या दिवशी सगळ्यांसमोर पहिल्यांदा फोडू नकोस. नव्या उघडलेल्या कास्क स्ट्रेंथचा पहिला पेग नेहमी आखडलेला असतो. दोन-चार दिवस आधी बाबांना बाजूला घेऊन दोघांनी वीस-वीस मिली चाखा, पंखा बंद करून, आणि पाणी किती घातलं की त्यांना आवडते ते चमच्याने मोजून ठेव, म्हणजे साठीच्या संध्याकाळी तूच त्यांना बरोबर त्या मापाने करून देशील. त्या रात्री दोन्ही ग्लास धुवू नकोस, ओट्यावर तसेच उपडे न करता ठेव. सकाळी भांड्यांना मावशी यायच्या आधी रिकाम्या ग्लासाचा वास घे. स्पिरिट सगळं उडालेलं असतं, उरतं ते फक्त पिंपाने दिलेलं. गूळ, मनुका, जुनं लाकूड आलं तर पैसे जागेवर आहेत, नुसता ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ते लाकूड थकलेलं होतं. मला काय आलं ते कळव.